पाटा वाढवला, पण पकड वाढली का?

नाशिक जिल्ह्यात टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की क्रेटांनी भरलेल्या पिकअप कसारा घाट उतरून वाशीच्या बाजाराकडे निघतात आणि माल उतरवून रिकाम्या हौद्यानं परत फिरतात. जाताना मागून बसलेली, वळणावर झोल खाणारी गाडी येताना प्रत्येक खड्ड्यावर उड्या मारते. त्यावर गॅरेजमध्ये हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘मागे एक पाटा वाढवून घ्या’. पाटा, म्हणजे लीफ स्प्रिंगची एक पट्टी, वाढवल्यावर बसलेली गाडी वर उचलली जाते, हे खरं. पण ती वळणावर आणि ब्रेक मारताना चालकाच्या ताब्यात राहते का, हा वेगळा प्रश्न आहे.

गाडी वळते किंवा थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणामुळे. टायर रस्त्यावर जितका एकसारखा दाबलेला, तितकी ही पकड भरवशाची. खड्ड्यावरून उसळलेला टायर जेवढा वेळ हवेत असतो, तेवढा वेळ स्टिअरिंग आणि ब्रेक त्याच्यापुरते निरुपयोगी असतात. म्हणून सस्पेन्शनमधल्या कुठल्याही बदलाला एकच कसोटी लावावी: यानं टायर रस्त्याला अधिक धरून राहतो का?

पिकअपची खरी अडचण आहे ती भरलेल्या आणि रिकाम्या वजनातल्या तफावतीची. समजा, रिकाम्या गाडीत मागच्या पाट्यांवर ४०० किलो भार आहे आणि माल भरल्यावर तो १६०० किलो होतो. भाराखाली स्प्रिंग किती दबते, यावरून ती सेकंदाला किती वेळा वर-खाली होणार हे ठरतं. भरल्यावर १६ सेंटिमीटर दबलेली स्प्रिंग सेकंदाला साधारण सव्वा वेळा हेलकावते, तर रिकामी असताना ४ सेंटिमीटर दबलेली अडीच वेळा. भार चौपट झाला की हेलकाव्यांचा वेग निम्मा होतो. प्रवासी कारचं सस्पेन्शन सेकंदाला एक ते दीड हेलकाव्यांच्या आसपास बेतलेलं असतं. म्हणजे भरलेली पिकअप या बाबतीत कारच्या जवळ जाते, रिकामी मात्र दुप्पट वेगानं उसळते. वाढवलेल्या पाट्यानं कडकपणा २५ टक्क्यांनी वाढला, तर हा वेग आणखी सुमारे १२ टक्क्यांनी चढतो. ज्या फेरीत टायर आधीच रस्ता सोडत होता, ती फेरी आणखी बिकट होते.

इथे शॉकअपचं महत्त्व कळतं. पाटा खड्ड्याचा धक्का साठवतो आणि परत करतो. तो धक्का संपवण्याचं काम शॉकअप करतो. त्यातलं तेल बारीक छिद्रांतून दाबलं जातं आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. म्हणूनच खराब रस्ता पार केल्यावर शॉकअप तापलेला असतो. सतत धक्के बसून तेलात फेस झाला की त्याचा विरोध ढिला पडतो. गॅसच्या शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरतात तो हा फेस रोखण्यासाठी. पाटा जितका कडक, तितका तो परत उसळताना शॉकअपला जास्त जोर लावावा लागतो. त्यामुळे पाटा वाढवून जुनेच शॉकअप ठेवले, तर गाडी भार पेलते, पण उसळी आवरत नाही.

शॉकअप थकले आहेत का, हे टायर सांगतो. गाडी उभी असताना मागच्या टायरच्या नक्षीवरून तळवा फिरवावा. थोड्या थोड्या अंतरावर उंचवटे आणि खळगे हाताला लागले, तर टायर रस्त्यावर एकसारखा न टेकता उड्या मारत धावला असण्याची दाट शक्यता आहे. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओला ओघळ दिसला तर शॉकअप बदलण्याची वेळ झाली, असं समजावं. सोबत रबरी बुश आणि यू-बोल्टही पाहावेत. यू-बोल्ट ढिला असेल तर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटू शकतो, एक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते.

पाट्यांचाही स्वभाव असतो. एकावर एक रचलेले पाटे एकमेकांवर घासतात आणि या घर्षणानं थोडीफार उसळी शोषली जाते. पण गंज आणि चिखल साचला की पाटे जणू एकच जाड पट्टी होऊन बसतात आणि बारीक धक्के थेट चॅसीवर पोचतात. मधे जाड आणि टोकांकडे पातळ होत जाणारे पॅराबोलिक पाटे मुख्यतः मधे आणि टोकांना टेकतात, त्यामुळे घर्षण कमी होतं. मात्र तेवढी जास्त जबाबदारी शॉकअपवर येते. एक्सल आणि चॅसीच्या मधे बसवायच्या हवेच्या पिशव्यांचा फायदा असा की माल असताना दाब वाढवता येतो आणि रिकामं असताना कमी करता येतो.

आता वळणाकडे येऊ. वळताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. किती सरकणार, हे प्रामुख्यानं गाडीचं वजन, वळणाची तीव्रता, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. गुरुत्वमध्य १ मीटर उंचीवर असेल, तर क्रेटांचा एक थर वाढून तो १० सेंटिमीटर वर जाताच सरकणारा भार नुसत्या उंचीमुळेच दहा टक्क्यांनी वाढतो. भार दुप्पट झाला तरी टायरची पकड दुप्पट होत नाही. बाहेरचा टायर जितका कमावतो, त्याहून जास्त आतला गमावतो. रुबाबासाठी पिकअपची उंची वाढवणारं किट पकडीच्या विरोधात जातं ते याच कारणानं.

अँटी-रोल बार, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारी पिळाची सळई, गाडीचं कलणं कमी करते. सरकणारा एकूण भार मात्र ती फारसा बदलत नाही. पुढच्या आणि मागच्या एक्सलनं तो किती-किती घ्यायचा, एवढंच ठरवते. मागे फार कडक बार बसवला, तर रिकाम्या पिकअपचा मागचा भाग पावसात घाटात घसरण्याचा धोका वाढतो.

हा तोल कारखान्यातही कसा अवघड असतो, हे स्वीडनमध्ये दिसलं. तिथलं ‘टेक्निकेन्स व्हेर्ल्ड’ हे मासिक गाडी पूर्ण भरून अचानक डावीकडे-उजवीकडे वळवण्याची चाचणी घेतं. टोयोटा हायलक्स ही पिकअप २००७ मध्ये आणि पुढची पिढी २०१६ मध्ये तिथे उलटण्याच्या बेतात आली. नंतर टोयोटानं इलेक्ट्रॉनिक स्थिरता-नियंत्रणात बदल केले, तेव्हा ती चाचणी पार झाली.

म्हणून खर्चाचा क्रम असा असावा: आधी योग्य क्षमतेचे टायर आणि भारानुसार हवेचा दाब, मग बुश, यू-बोल्ट आणि पाट्यांची सफाई, मग चांगले शॉकअप, त्यानंतर गरज असेल तर हवेच्या पिशव्या. पाटा वाढवायचा विचार सगळ्यात शेवटी. एक मर्यादा मात्र कुठलंही सस्पेन्शन ओलांडू देत नाही. पाटा वाढवला म्हणून ब्रेक, एक्सल आणि टायर बळकट होत नाहीत. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन तेच राहतं आणि कंपनीच्या रचनेत फरक पाडणाऱ्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. रात्री घाट उतरणाऱ्या चालकाचा जीव त्या चार टायरांवर असतो. पैसा खर्च करायचाच, तर तो टायर रस्त्यावर टेकलेला ठेवण्यासाठी करावा, चार क्रेट जास्त भरण्यासाठी नव्हे.