वळताना वेग जातो कुठे?

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाची कर्णधार आणि 2020 च्या अर्जुन पुरस्काराची मानकरी सारिका काळे हीसुद्धा याच जिल्ह्याची. मग धावण्याच्या विज्ञानावर लिहायचं तर इथे 100 मीटरची शर्यत कशाला घ्यायची?

पण विज्ञान तिथेच घुटमळतं. परदेशातल्या विज्ञान संग्रहालयांत सुट्टीच्या दिवशी मुलांसाठी छोटी धावपट्टी मांडतात. दोन्ही टोकांना सेन्सर, मधून मूल सुसाट सुटतं, पडद्यावर आकडा उमटतो. हा आकडा सरळ रेषेतला. प्रयोगशाळेतल्या धावत्या पट्ट्यावरही माणूस नाकासमोरच पळतो.

या सवयीमागे एक सुंदर प्रयोग आहे. स्नायूंवरच्या कामासाठी 1922 चं नोबेल मिळालेला ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल 1927 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गेला होता. त्याने धावपटूच्या अंगावर चुंबक बांधलं आणि धावपट्टीच्या कडेने ठरावीक अंतरावर तारेची वेटोळी मांडली. धावपटू वेटोळ्याजवळून गेला की तारेत क्षणभर वीज चमकायची आणि गॅल्व्हनोमीटर तिची नोंद घ्यायचा. फॅरेडेचा नियम माणसाच्या पळण्यावर लावायचा, ही कल्पनाच मला अजून थरारून टाकते! वेग आधी झपाट्याने वाढतो आणि मग एका मर्यादेपाशी सपाट होतो, हे त्या नोंदींत स्वच्छ दिसलं. मर्यादेचं कारण म्हणून हिलने स्नायूंचा अंतर्गत चिकटपणा सांगितला. ते पुढे टिकलं नाही, मोजणी मात्र टिकली. हाच हिल 1943-44 मध्ये इथल्या वैज्ञानिक संशोधनाबद्दल सल्ला द्यायला काही महिने भारतात होता. तेव्हा कुणी त्याला खो-खोच्या मैदानाच्या कडेला नेऊन उभं करायला हवं होतं.

कारण तिथे त्याला वेगळंच कोडं दिसलं असतं. एकेरी साखळी खेळणारी मुलगी पाहा. पाटीवर बसलेल्या एकीच्या डावीकडून, पुढचीच्या उजवीकडून, अशी नागमोडी पळते. दोघींमधलं अंतर साधारण अडीच मीटर, म्हणजे वळणाची त्रिज्या सव्वा मीटरच्या आसपास. वळायला लागणारं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं आणि ते पुरवतं फक्त बुटाखालचं घर्षण. कोरड्या जमिनीवर घर्षणांक 0.8 धरला, तर या त्रिज्येवर वेग सेकंदाला 3.1 मीटर, म्हणजे ताशी 11 किलोमीटरच्या वर जाऊच शकत नाही. गेला तर पाय घसरणार. आणि एवढ्या वेगालाही अंग उभ्या रेषेपासून जवळजवळ 39 अंश झुकवावं लागतं. 400 मीटरच्या धावपट्टीचं वळण 36.5 मीटर त्रिज्येचं असतं. तिथे सेकंदाला 10 मीटर वेगाने जाणाऱ्यालासुद्धा 16 अंश पुरतात.

म्हणजे साखळीत सर्वांत वेगवान मुलगी वाचते असं नाही. जिला वेग मारून, झोक देऊन, पुन्हा वेग घेता येतो ती वाचते.

घर्षणाचं गणित इथे संपतं, पण शरीराचं संपत नाही. यंग-हुई चँग आणि रॉजर क्रॅम या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी 2007 मध्ये छापलेला एक प्रयोग मला या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. पाच धावपटूंना त्यांनी 1, 2, 3, 4 आणि 6 मीटर त्रिज्येच्या वर्तुळांवर जीव तोडून पळवलं. मग केंद्राकडे ओढणारी दोरी अंगाला बांधून पुन्हा पळवलं. वळवण्याचं काम दोरीने उचलल्यावर वेग सरळ धावेइतका व्हायला हवा होता. तो वाढला, पण अपेक्षेइतका नाही. अडत होता आतल्या बाजूचा पाय. बाहेरच्या पायाच्या मानाने तो जमिनीला कमीच जोर लावू शकत होता. पायात ताकद होती, पण त्या तिरप्या स्थितीत ती वापरता येत नव्हती.

आता खो-खोचा खांब आठवा. खो घेऊन एकदा दिशा पकडली की पाठलाग करणारीला मागे फिरता येत नाही. बाजू बदलायची तर खांबाला वळसा घालावा लागतो. ती वेगात येते, एका हाताने खांब पकडते आणि अख्खं अंग त्याभोवती भिरकावते. खळ्यात तिवड्याला बांधलेले बैल जसे गोल फिरतात, तसा इथे हात हीच दोरी. अमेरिकेत प्रयोगासाठी बांधलेली दोरी आपल्या मुली कितीतरी पिढ्या खांबावर वापरत आल्या आहेत. घर्षणाची मर्यादा ओलांडायचा एवढा साधा उपाय दुसऱ्या कुठल्या मैदानी खेळात असेल असं मला वाटत नाही.

म्हणूनच कार्बनची पट्टी घातलेल्या महागड्या बुटांच्या जाहिराती पाहून धाराशिवच्या पालकांनी हळहळू नये. ते बूट लांब, सरळ पल्ल्यासाठी बनवलेले असतात, अडीच मीटरवर वळणाऱ्या पायाला त्यांचा उपयोग नाही. काळजी करायची तर गुडघ्याची करावी. वेग मारताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, आणि असा ताण वारंवार झेलायला त्याला मुद्दाम तयार करावं लागतं. झटकन वळण्याच्या खेळांमध्ये गुडघ्याच्या आतला अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा कित्येक पट जास्त आढळतं. त्यात मातीवर घडलेल्या मुली मोठ्या स्पर्धांत मॅटवर खेळतात. तिथे पकड जास्त मिळते, तसा गुडघ्यावरचा पिळही वाढतो. मॅटवर उतरण्याआधीची तयारी हा मला बुटांपेक्षा फार मोठा प्रश्न वाटतो.

सुट्टीत मुलांना तेरचं लामतुरे संग्रहालय दाखवायला नेणार असाल, तर संध्याकाळी जवळच्या मैदानावर थांबा. फक्कीने 1 मीटर आणि 4 मीटर त्रिज्येची दोन वर्तुळं आखा आणि प्रत्येकावर एकेक फेरी मारायला सांगा, सुरुवात मात्र आधीच वेगात असताना. मोठ्या वर्तुळाचा परीघ चौपट आहे, पण घर्षणाचं गणित खरं असेल तर वेळ सुमारे दुप्पटच लागेल, कारण परवडणारा वेगही दुप्पट होतो. घड्याळ लावण्याआधी मुलांना अंदाज वर्तवायला लावा. नंतर तीच फेरी उलट दिशेने घ्या. धावपट्टीवरचे खेळाडू कायम डावीकडेच वळतात, साखळी खेळणारीला मात्र दोन्ही पाय आळीपाळीने आतले होतात. तिच्या दोन वेळांमधला फरक इतर मुलांपेक्षा कमी भरतो का, हे तालमीला येणाऱ्या एखादीला पळवून तिथल्या तिथे पाहता येईल.