पुढचं पुस्तक कोणतं: मुक्तामाला, मंजुघोषा की वीरधवल?

सीताबर्डीहून खापरीच्या मेट्रोत बसून हे ऐकत असाल, तर उतरेपर्यंत तुमचं पुढचं पुस्तक ठरलेलं असेल.

प्रश्न नेहमीचाच. ‘फोर्थ विंग’ झालं, सारा मासही वाचून झाली. आता काय? मी म्हणतो, मराठीतली रोमँटसी वाचा. हसू नका बावा! राजकुमार, कारस्थानं, विरह, योगायोग असलेल्या प्रेमकथा आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच आल्या. त्यांना ‘अद्भुतरम्य कादंबरी’ म्हणतात.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे निवडणं सोपं जाईल. १८५७ मध्ये बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. विधवांचे हाल सांगणारी, अगदी वास्तव. मग पुढचे लेखक राजवाड्यांत का शिरले? नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ मध्ये ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत कारण देऊन टाकलंय. त्यांचं म्हणणं साधारण असं: आपल्या लग्नाच्या रीतीच अशा, की रोजच्या आयुष्यात रंजक असं काही घडत नाही. वाचकाला रमवायचं तर अद्भुताकडेच वळावं लागतं.

विचार करा. लग्नं लहानपणीच लागायची, तीही मोठ्यांनी ठरवलेली. प्रेमात पडायचं कधी? म्हणून लेखकानं वेगळं राज्यच उभं केलं. म्हणजे अद्भुत हा नुसता मसाला नव्हता, प्रेमाला जागा मिळवून देण्याची ती युक्ती होती.

आता निवड करू.

लग्नानंतरचं प्रेम, ताटातूट आणि पुनर्भेट आवडत असेल तर लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१). पण नायिकेची परीक्षा म्हणजे सोसणं. तलवार घेणारी नायिका हवी असेल तर चिडचिड होईल.

लग्नाआधीचं, स्वतः निवडलेलं प्रेम हवं असेल तर ‘मंजुघोषा’. भाषा मात्र संस्कृतप्रचुर आणि वर्णनं लांबलचक. रोज दहाच पानं वाचा, मोठ्यानं वाचा. कानाला सवय झाली की गाडी पळते.

आणि कथानकाचा वेग हवा असेल तर नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३). राजघराणं, रहस्य, कारस्थान आणि सोबतीला प्रेम. तिघांत सोपी भाषा हिचीच. नाथमाधव १९२८ मध्ये गेले, त्यामुळे कॉपीराइट कधीच संपलाय. छापील आवृत्त्याही मिळतात.

मी स्वतः चूक केली होती. ‘सगळ्यात जुनी आधी’ म्हणून ‘मुक्तामाला’ उघडली आणि चाळीस पानांवर सोडली. मग ‘वीरधवल’ संपवली, ‘मंजुघोषा’कडे गेलो आणि प्रस्तावनेवरच थांबलो. त्याच संध्याकाळी आईनं व्हॉट्सॲपवर तीन बायोडेटा पाठवले होते: उंची, पॅकेज, गोत्र. रिसबूडांची तक्रार अचानक आपलीच वाटली. मी आईला म्हटलं, आधी दोनदा भेटू दे, बोलू दे, मग उत्तर देतो. ती म्हणाली, ‘बरं, भेट.’ आमच्या घरात हेही थोडं अद्भुतच!

तर क्रम लिहून घ्या: आधी ‘वीरधवल’, मग ‘मंजुघोषा’, शेवटी ‘मुक्तामाला’. झाशी राणी चौकात उतरलात तर विदर्भ साहित्य संघात चौकशी करून बघा. आणि ‘मंजुघोषा’ हाती आली तर प्रस्तावना वगळू नका. भेटू पुढच्या भागात!