साडेतीन मिलिमीटरचा एक फूट

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली खुलं झालं. ते पाहिलेल्यांना मॉडेल रेल्वे आणि चावीची आगगाडी यांतला फरक सांगायला नको. मॉडेल रेल्वेत रूळ, सिग्नल, डबे, फलाटावरची माणसं, सगळं एकाच ठरावीक प्रमाणात असतं. या छंदात सर्वांत प्रचलित प्रमाण 'एचओ', म्हणजे एकास सत्त्याऐंशी. खऱ्या रेल्वेतला एक फूट इथे साडेतीन मिलिमीटरचा होतो.

या छंदाला वाहिलेली मासिकं निघतात आणि वर्षानुवर्षं टिकतात, याचं आपल्याकडे नवल वाटतं. अमेरिकेत मिलवॉकी इथे अल काल्मबाख या गृहस्थांनी ऐन महामंदीत, जानेवारी १९३४ मध्ये, 'मॉडेल रेलरोडर' सुरू केलं. २०२४ मध्ये मालक बदलले, पण मासिक चालू राहिलं. इंग्लंडचं 'रेल्वे मॉडेलर' १९४९ पासूनचं.

असा अंक तयार होतो कसा? बराचसा मजकूर वाचकच पाठवतात. त्यात कुणी डॉक्टर असतो, कुणी सुतार, कुणी निवृत्त रेल्वे कर्मचारी. हात कसबी, पण लिहायची सवय नाही. 'मग थोडा गोंद लावला आणि डोंगर तयार झाला' अशा धर्तीचं वाक्य येतं. थोडा म्हणजे किती? कुठला गोंद? वाळायला किती वेळ? हे लेखकाकडून काढून घेणं हे संपादकाचं रोजचं काम. आपल्याकडे पाककृतीत 'चवीपुरतं मीठ' चालतं, तशी सवलत इथे नाही.

त्याहून जिकिरीचं काम आराखड्याचं. लेखकाने वहीच्या कागदावर काढलेला नकाशा मासिकाचा चित्रकार मोजून पुन्हा काढतो, आणि नकळत झालेल्या चुका तिथे उघड्या पडतात. समजा, एका रुळावरून दुसरा रूळ पुलाने न्यायचा आहे. एचओमध्ये खालची गाडी सुखरूप जायला सुमारे तीन इंच उंची मोकळी लागते. शंभर इंचांत दोन इंच असा चढ धरला, तर तीन इंच चढायला दीडशे इंच, म्हणजे साडेबारा फूट रूळ हवा. पुलाची जाडी आणखी वेगळी. कागदावर तेवढ्यासाठी सहाच फूट जागा ठेवलेली असली, तर चढ दुपटीहून जास्त होतो आणि थोडे डबे जोडले तरी इंजिन अर्ध्या वाटेत चाकं फिरवत उभं राहतं. पानावर मात्र नकाशा देखणाच दिसतो. तो पाहून कुणी तरी पदरचे पैसे घालून प्लायवूड कापणार असतो. पुढच्या अंकात 'चूकभूल' छापली, तरी त्याचं कापलेलं लाकूड पुन्हा जोडलं जात नाही.

बाजारात आलेल्या नव्या इंजिनाचं परीक्षण हा वाचकांचा आवडता भाग. कॅलिपरने लांबी-रुंदी मोजायची, ती खऱ्या इंजिनाच्या मापांशी ताडायची, दोन चाकांमधलं अंतर नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या मानकात बसतं का ते पाहायचं. ही संघटना १९३५ साली मिलवॉकीतच स्थापन झाली. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर बिनतक्रार धावावा, ही त्यामागची गरज. मग इंजिन किती वजन ओढतं, किती हळू चालू शकतं, तेही मोजायचं. आणि कित्येकदा त्याच अंकात त्याच कंपनीची पानभर जाहिरात! जाहिरातीशिवाय मासिकाचा खर्च निघत नाही, आणि खोटी स्तुती केली तर वाचक राहत नाही. माझ्या मते आकडे छापण्याची शिस्त इथेच उपयोगी पडते. मतावर रागावता येतं, कॅलिपरवर कसं रागावणार?

छायाचित्रांची अडचण निराळी. वीतभर डब्याजवळ कॅमेरा नेला की पुढचं स्पष्ट दिसतं, मागचं धूसर होतं, आणि धूसर झालं की ते खेळणं वाटू लागतं. पूर्वी यासाठी लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून शटर बराच वेळ उघडं ठेवत. आता निरनिराळ्या अंतरांवर फोकस करून अनेक छायाचित्रं घेतात आणि संगणकावर त्यांचं एक करतात.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. जॉन ॲलन हे व्यवसायाने छायाचित्रकार. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथल्या घरात त्यांनी जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभारून रेल्वे बांधली होती. नाव दिलं 'गोरी अँड डिफीटेड', म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत! त्यांनी काढलेल्या तिच्या छायाचित्रांनी मासिकाच्या वाचकांच्या पिढ्या घडवल्या. जानेवारी १९७३ मध्ये ते गेले आणि काही दिवसांतच आगीत ती रेल्वे नष्ट झाली. उरली ती छायाचित्रं आणि छापलेली पानं. 'मॉडेल रेलरोडर'चे संपादक राहिलेले लिन वेस्टकॉट यांनी त्यांतून पुस्तक सिद्ध केलं. ते १९८१ मध्ये बाहेर आलं, तेव्हा वेस्टकॉटही हयात नव्हते.