न हलणाऱ्या चित्रांची गोष्ट

"घोडी झालीस आणि अजून कार्टून बघत बसतेस?" आजीचा हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. दर वेळी मी काहीतरी थातूरमातूर बोलून सुटका करून घेते. खरं उत्तर जरा लांब आहे, म्हणून ते आपल्या मंडळाच्या अंकासाठी राखून ठेवलं होतं.

मित्रमैत्रिणींनो, आधी एक गंमत. ॲनिमेशनमध्ये एकही चित्र हलत नाही! शाळेत वहीच्या कोपऱ्यात दर पानावर चेंडू थोडा थोडा पुढे काढायचा आणि मग पानं फर्रकन सोडायची, हा उद्योग तुम्हीही केला असेल. तो चेंडू कागदावर उडत नाही, आपल्या डोक्यात उडतो. किंचित फरक असलेली चित्रं भराभर समोर आली की मधली हालचाल मेंदूच भरून काढतो. सिनेमात सेकंदाला साधारण २४ चौकटी पुढे सरकतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बऱ्याचदा एकेक चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. मिनिटाचा हिशेब करा: ७२०. आणि ही झाली एकाच पात्राची!

हे वेड आपल्याकडे जुनंच आहे. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) करण्याआधी दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर ठेवला आणि रोप वाढेल तसं थोडं थोडं टिपत गेले. त्यातून 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट झाला. पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी चक्क काड्यापेटीतल्या काड्यांना कामाला लावलं. काडी जराशी सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. आज आपण याला स्टॉप मोशन म्हणतो.

पण मी ॲनिमेशनच्या प्रेमात पडले ती तंत्रामुळे नाही. दहावीत असताना आई महिनाभर दवाखान्यात होती. बाबा तिच्याजवळ, घरी मी आणि आजी. बाहेर जुलैचा पाऊस. बेळगावचा पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत मावसभावाने पेन ड्राइव्हवर 'माय नेबर तोतोरो' आणून दिला. हायाओ मियाझाकी यांचा १९८८ चा जपानी चित्रपट. सात्सुकी आणि मेई या दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यात राहायला येतात, कारण त्यांची आई जवळच्या दवाखान्यात आहे. चित्रपटात खलनायक कुणीच नाही. नुसतं वाट बघणं आहे.

त्यात एक प्रसंग आहे. रात्रीची वेळ, पाऊस, बसथांब्यावर सात्सुकी वडिलांची वाट बघत उभी, पाठीवर झोपलेली मेई. शेजारी तो भलामोठा तोतोरो येऊन उभा राहतो, डोक्यावर एक पान. सात्सुकी त्याला जवळची छत्री देते. छत्रीवर थेंब टपटपतात आणि त्या आवाजाने तो खूश होतो. बाकी फारसं काही घडत नाही.

हा प्रसंग मी कितीतरी वेळा बघितला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. साध्या सिनेमात पाऊस, वारा, डबकं हे पुष्कळदा कॅमेऱ्यात आपोआप येतं. ॲनिमेशनमध्ये आपोआप काहीच येत नाही. प्रत्येक थेंब कुणीतरी ठरवून काढलेला असतो. पोरीचं नुसतं उभं राहणंसुद्धा कुणीतरी टेबलाशी बसून, खोडून, पुन्हा काढलेलं असतं. माझ्यासारख्या वाट बघत बसलेल्या मुलीकडे कुणीतरी इतका वेळ देऊन बघितलंय, याचा त्या महिन्यात मला फार आधार वाटला.

म्हणून 'कार्टून म्हणजे लहान मुलांचं' हे मला पटत नाही. गीतांजली राव यांचा 'प्रिंटेड रेनबो' (२००६) बघा. एकटी राहणारी म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांवरच्या चित्रांतून उघडणारं जग. पंधराएक मिनिटांत, एकही संवाद न वापरता, म्हातारपणाचा एकटेपणा कळतो. फाळक्यांची काडी आणि गीतांजली राव यांची काडेपेटी, दोन्ही घरातल्याच वस्तू. तेव्हा तुम्हीही करून बघा. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवा, एखादं खोडरबर दर फोटोला थोडं थोडं सरकवा. १२ फोटोंत ते एक सेकंद चालेल. ते चालताना बघून जो आनंद होतो, तो मला लिहून सांगता येणार नाही.

आणि आजीचं म्हणाल तर, 'तोतोरो' चालू असताना ती मागे वाती वळत बसलेली असायची, पडद्याकडे बघतसुद्धा नसे. म्हणजे मला तसं वाटायचं. त्यात धाकटी मेई आईला द्यायला मक्याचं कणीस घेऊन एकटीच निघते आणि वाट चुकते. नेमकी तेव्हा एकदा आमची लाइट गेली. अंधारात थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग आजीने विचारलं,

"पोरीचं कणीस पोचलं काय गं आईकडे?"


"पोचलं, आजी," मी म्हटलं.