'द शेफर्ड्स क्राउन' : टेरी प्रॅचेट यांची शेवटची कादंबरी अपुरी का वाटते?

एक महाकाय कासव, त्याच्या पाठीवर चार हत्ती आणि हत्तींच्या पाठीवर थाळीसारखे सपाट जग. कूर्म आणि दिग्गज ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. हे आहे 'डिस्कवर्ल्ड'. इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांनी १९८३ पासून या जगावर ४१ विनोदी कादंबऱ्या लिहिल्या. 'द शेफर्ड्स क्राउन' ही त्यातली शेवटची.

या मालिकेत मृत्यू हे चक्क एक पात्र आहे. काळा झगा घातलेला, हातात लांब दांड्याचे कोयते घेतलेला हा सांगाडा मांजरांवर जीव लावतो आणि माणसे अशी का वागतात, या कोड्यात पडतो. त्याचे संवाद इंग्रजीत कॅपिटल अक्षरांत छापले जातात. देवनागरीत तशी अक्षरेच नाहीत. मराठी अनुवादकाला वेगळी युक्ती शोधावी लागेल.

२००७ मध्ये प्रॅचेट यांना अल्झायमरच्या एका दुर्मीळ प्रकाराचे निदान झाले. टंकलेखन जमेनासे झाल्यावर ते मजकूर तोंडी सांगू लागले. १२ मार्च २०१५ रोजी त्यांचे निधन झाले आणि ऑगस्टमध्ये ही कादंबरी आली.

तिच्या सुरुवातीलाच ग्रॅनी वेदरवॅक्स ही वाचकांची लाडकी म्हातारी चेटकीण मरते. मरण आल्याचे तिला आधीच कळते. ती रडत नाही. घर झाडते, आंघोळ करते, स्वतःच्या दफनाची तयारी करून अंथरुणावर पडते. आपली झोपडी ती टिफनी एकिंग या तरुण चेटकिणीला देऊन जाते. १९८७ च्या 'इक्वल राइट्स'मध्ये ग्रॅनी पहिल्यांदा भेटली, तेव्हा एका मुलीला जादूगार व्हायचे होते. इथे एका मुलाला चेटकीण व्हायचे आहे!

मग अपुरेपण कसले? कथेला आरंभ, मध्य, शेवट आहे. पण प्रॅचेट पुस्तक छपाईला जाईपर्यंत त्यावर हात फिरवत. या वेळी तेवढा वेळ मिळाला नाही, असे त्यांचे सहायक रॉब विल्किन्स यांनी पुस्तकाच्या अखेरीस नोंदवले आहे. त्यामुळे ग्रॅनीचा मृत्यू मनात घर करतो, तर पुढची परीलोकाची लढाई घाईत उरकल्यासारखी वाटते.

ग्रॅनीला वारस मिळाली, डिस्कवर्ल्डला नाही. प्रॅचेट यांच्या इच्छेनुसार अप्रकाशित लेखन असलेली हार्ड डिस्क २०१७ मध्ये वाफेच्या रोडरोलरखाली चिरडण्यात आली. मालिका पुढे कोणी लिहिणार नाही, हे त्यांची कन्या रिआना यांनी स्पष्ट केले आहे.

नव्या वाचकाने मात्र इथून सुरुवात करू नये. टिफनीची कथा पाच पुस्तकांची आहे आणि हे पाचवे. पहिले आहे 'द वी फ्री मेन' (२००३). ग्रॅनीशी आधी ओळख झाली, तरच तिचे जाणे जाणवेल.