वितळणाऱ्या तारेचं शहाणपण

वीज गेली की उजेड देणारा एक छोटा संच अनेक घरांत असतो. १२ व्होल्टची, ७ अँपिअर-अवरची बॅटरी, एलईडी दिवे आणि लाल वायरीवर एक काचेचा फ्यूज. तो ऐन सणात उडतो. दुकानं बंद, म्हणून कुणी त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळतं, कुणी वायरीतला तांब्याचा एक धागा अडकवतं. दिवे लागतात, पण राखणदार गेलेला असतो.

‘१२ व्होल्टचा शॉक कुठे बसतो?’ असं म्हणतात, ते खरंच आहे. धोका आगीचा असतो. या बॅटरीची दोन टोकं एकमेकांना टेकली, तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि बारीक वायर काही क्षणांत तापून लाल होते. फ्यूज मुख्यतः त्या वायरीसाठी असतो, दिव्यासाठी नव्हे. म्हणूनच तो बॅटरीच्या टोकाजवळ हवा.

नवा आणण्याआधी जुना उजेडात धरून पाहा. काच स्वच्छ आणि तार मधोमध तुटलेली असेल, तर बहुधा थोडा जादा भार बराच वेळ पडला. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर शॉर्ट सर्किट झालं असावं. ते सापडेपर्यंत नवा फ्यूज बसवूच नका.

मग फ्यूजच्या धातूच्या टोपीवरची अक्षरं वाचा. ‘टी ३.१५ ए एल २५० व्ही’ असं काही असेल. ‘टी’ म्हणजे सावकाश उडणारा, ‘एफ’ म्हणजे झटपट. मोटर किंवा मोठे कपॅसिटर सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतात, तिथे ‘टी’ लागतो. उत्पादकाने जो दिला तोच ठेवावा.

टोपी वाचता येत नसेल तर हिशोब मांडा. ८ वॉटचे ३ दिवे म्हणजे २४ वॉट. १२ने भागले की २ अँपिअर. नेहमीचा प्रवाह फ्यूजच्या आकड्याच्या फार तर पाऊणपट असावा, म्हणून ३ अँपिअरच्या आसपासचा पुरतो. पण हा फ्यूज ३ अँपिअर ओलांडताच उडत नाही. काचेच्या झटपट फ्यूजला २.१ पट प्रवाहावर उडायला अर्ध्या तासापर्यंत मुभा असते. तेवढा वेळ सव्वासहा-साडेसहा अँपिअर सोसेल, अशी वायर हवी. १० अँपिअरचा फ्यूज टाकला, तर आधी वायरच वितळू शकते.

व्होल्टचा आकडा परिपथापेक्षा कमी नको. २५० व्होल्टचा फ्यूज १२ व्होल्टला चालतो. गाडीतला ३२ व्होल्टचा २३० व्होल्टवर कधीच नाही.

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: तोडायची ताकद किती? ‘एल’ खुणेचा काचेचा फ्यूज ३५ अँपिअर किंवा आपल्या आकड्याच्या दहापट, यांत जे जास्त असेल तेवढाच प्रवाह तोडण्याची हमी देतो, तीही एसीवर. एसीचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, ठिणगी विझते. बॅटरीचा डीसी प्रवाह असा थांबत नाही. म्हणून बॅटरीसाठी गाडीतला चपटा ब्लेड फ्यूज बरा. तो ३२ व्होल्ट डीसीवर १००० अँपिअरपर्यंत तोडू शकतो, आणि ३ अँपिअरचा जांभळा असतो. त्याचा वायरीवरचा होल्डर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो.

दोन जास्तीचे फ्यूज आणून ते संचाच्या डब्यातच चिकटपट्टीने लावून ठेवा. मग पुढच्या अंधारात चांदीच्या कागदाची आठवण होणार नाही.