दुसऱ्या नावाचे मोल

झाशी शहरातील प्रेमनगर या वस्तीत राहणाऱ्या नागरिकाला मतदानाचे प्रसंग अनेक येतात. तो नगर निगमासाठी मत देतो, विधानसभेसाठी देतो आणि लोकसभेसाठी देतो. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत तो स्वतः मतपेटीपाशी जात नाही. परंतु त्याने निवडून दिलेला आमदार व खासदार हे दोघेही त्या मतदानात भाग घेतात. उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत मात्र आमदारालाही स्थान नाही. तेथे प्रेमनगरचा आवाज पोहोचतो तो केवळ झाशीच्या एका खासदाराच्या मुखाने. असे असूनही या पदासाठी एखादे नाव जाहीर झाले, की देशभर एकच चर्चा सुरू होते. उमेदवार कोणत्या प्रांताचा, कोणत्या समाजाचा, त्याच्यामुळे कोणत्या राज्यातील किती मते फिरतील, याचे आडाखे बांधले जातात. हे आडाखे कितपत खरे ठरतात, आणि दुसऱ्या स्थानावरील माणसाची निवड मुळात कोणत्या मापाने मोजावी, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

या आडाख्यांची रीत मूळची अमेरिकेची. त्या देशात आरंभी अशी व्यवस्था होती, की अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ज्याला दुसऱ्या क्रमांकाची मते पडतील तो उपाध्यक्ष व्हावा. त्यातून एकमेकांचे प्रतिस्पर्धीच एका शासनात येऊन बसू लागले. १८०४ साली झालेल्या बाराव्या घटनादुरुस्तीने ही अडचण दूर केली, आणि कालांतराने अध्यक्ष व उपाध्यक्ष यांची जोडी लावून निवडणूक लढविण्याची प्रथा रूढ झाली. तेथील मतदार एकाच खुणेने दोघांनाही मत देतो. साहजिकच पक्षाचे धुरीण जोडी लावताना तोल साधू पाहतात. पहिला उत्तरेचा असला तर दुसरा दक्षिणेचा, पहिला तरुण असला तर दुसरा अनुभवी, असा तो हिशेब असतो.

आपल्या संविधानाने अशी जोडी मान्य केलेली नाही. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांची निवडणूक स्वतंत्रपणे होते व त्यांचे मतदारही वेगळे असतात. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मतांना लोकसंख्येनुसार मूल्य असते. २०२२ साली उत्तर प्रदेशातील आमदाराच्या मताचे मूल्य २०८, महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे १७५ आणि प्रत्येक खासदाराच्या मताचे ७०० होते. उपराष्ट्रपतीला निवडतात ते संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य. त्यांत नामनियुक्त सदस्यही आले. येथे प्रत्येक मताचे मूल्य सारखेच, म्हणजे एक. मतदान गुप्त असते आणि पक्षाला आपल्या सदस्यांवर आदेश बजावता येत नाही. म्हणजे प्रांताभिमानाने किंवा व्यक्तिगत स्नेहाने मत फिरवायचे झाल्यास त्याला वाव आहे. तो वाव प्रत्यक्षात किती वापरला जातो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम अमेरिकेचेच उदाहरण घेऊ, कारण या समजुतीचा सर्वांत मोठा आधार तेथेच आहे. १९६० साली जॉन केनेडी यांनी टेक्सासचे लिंडन जॉन्सन यांना जोडीला घेतले आणि टेक्सास राज्य सुमारे ४६ हजार मतांच्या फरकाने जिंकले. आधीच्या दोन निवडणुकांत ते राज्य विरुद्ध पक्षाकडे गेले होते. जॉन्सन यांनी केनेडींना अध्यक्ष केले, असे तेव्हापासून म्हटले जाते. परंतु अंकगणित थोडे निराळे सांगते. केनेडींना निर्वाचकांची ३०३ मते मिळाली होती. त्यांतून टेक्सासची २४ वजा केली तरी २७९ उरतात, आणि बहुमताला २६९ पुरेशी होती. दक्षिणेतील इतर राज्यांतही जॉन्सन यांचा उपयोग झाला असेल; नाही असे म्हणवत नाही. तथापि केवळ गृहराज्यामुळे पारडे फिरले, हे विधान टिकत नाही. पुढे १९८८ साली त्याच टेक्सासचे लॉइड बेंटसन उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. टेक्सास त्यांच्या पक्षाला मिळाले नाही. २००४ मध्ये जॉन एडवर्ड्स यांना नॉर्थ कॅरोलिना आणि २०१२ मध्ये पॉल रायन यांना विस्कॉन्सिन आपल्या जोडीला मिळवून देता आले नाही. ख्रिस्तोफर डेव्हाइन व काइल कोपको या दोन अभ्यासकांनी शतकाहून अधिक काळातील निकाल तपासून २०१६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष असा की उपाध्यक्षाच्या गृहराज्यातील लाभ सर्वसाधारणपणे शून्यवत असतो. राज्य लहान आणि तेथील लोकप्रतिनिधी म्हणून उमेदवाराची सेवा प्रदीर्घ असेल, तरच अपवाद दिसतो.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रातील व्यक्ती आजवर उपराष्ट्रपती झालेली नाही. परंतु दोन मराठी नेत्यांनी ही निवडणूक लढविली आहे. १९८४ साली रिपब्लिकन पक्षाचे बापू चंद्रसेन कांबळे हे आर. वेंकटरामन यांच्याविरुद्ध उभे होते. कांबळे यांना २०७ आणि वेंकटरामन यांना ५०८ मते पडली. २००२ साली काँग्रेसने सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांना भैरोंसिंह शेखावत यांच्याविरुद्ध उभे केले. शेखावत यांना ४५४ आणि शिंदे यांना ३०५ मते मिळाली. अंतर १४९ मतांचे. हे अंतर भरून काढण्यासाठी ७५ सदस्यांनी बाजू बदलावयास हवी होती. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९, असे एकूण सदस्य ६७. त्यांतील बरेचसे आधीच शिंदे यांच्या पक्षाचे व मित्रपक्षांचे होते. म्हणजे उरलेल्या प्रत्येक मराठी खासदाराने पक्ष विसरून मराठी माणसाला मत दिले असते, तरी निकाल बदलला नसता.

प्रांताभिमानाने मत फिरले, याचे एक ठळक उदाहरण मात्र अवश्य आहे. ते उपराष्ट्रपतिपदाचे नसून राष्ट्रपतिपदाचे आहे. २००७ साली प्रतिभा पाटील यांच्या विरोधात तत्कालीन उपराष्ट्रपती शेखावत हेच उभे होते. शिवसेना तेव्हा शेखावतांना पाठिंबा देणाऱ्या आघाडीत होती. तरीही पहिल्यांदाच मराठी व्यक्तीला राष्ट्रपतिपदाची संधी येत आहे, या कारणाने तिने पाटील यांची बाजू घेतली. घटना लक्षणीय खरी, पण निर्णायक होती काय? पाटील यांना ६,३८,११६ आणि शेखावतांना ३,३१,३०६ मूल्याची मते मिळाली. अंतर तीन लाखांहून अधिक. त्या वेळी खासदाराच्या मताचे मूल्य ७०८ होते. महाराष्ट्राचे सर्व ६७ खासदार आणि २८८ आमदार एकत्र धरले, तरी त्यांच्या मतांचे मूल्य ९८ हजारांच्या आतच राहते. ही सर्व मते एका बाजूकडून दुसरीकडे गेली असती, तर अंतर फार तर १ लाख ९६ हजारांनी कमी झाले असते. अर्थात शिवसेनेच्या निर्णयाने विजयाला शोभा आली. विजय मात्र त्याआधीच निश्चित झालेला होता.

याहून बोलके उदाहरण २०२५ सालचे आहे. जगदीप धनखड यांनी जुलै महिन्यात राजीनामा दिल्यामुळे ९ सप्टेंबर रोजी निवडणूक झाली. सत्तारूढ आघाडीने महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल, मूळचे तमिळनाडूचे सी. पी. राधाकृष्णन यांना उमेदवारी दिली. विरोधकांनी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, तेलुगूभाषक बी. सुदर्शन रेड्डी यांना उभे केले. तमिळनाडूची विधानसभा निवडणूक २०२६ मध्ये यावयाची होती. तेव्हा द्रमुक पक्ष पेचात पडेल आणि त्याचप्रमाणे तेलुगू पक्षही पेचात पडतील, अशी अटकळ बांधली गेली. प्रत्यक्षात काय झाले? तमिळ अस्मितेचा पुरस्कर्ता द्रमुक तेलुगू उमेदवाराच्या बाजूस राहिला, आणि तेलुगू देसम व वायएसआर काँग्रेस हे आंध्रातील एकमेकांचे विरोधक असूनही दोघांनीही तमिळ उमेदवाराला पाठिंबा दिला. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी विजयी झाले. १५ मते बाद ठरली. काही मते इकडची तिकडे गेल्याची चर्चा झाली. परंतु जन्मभूमीच्या ओढीपेक्षा पक्षाचे बंधन बळकट असते, हे दोन्ही बाजूंनी सारखेच सिद्ध झाले.

खासदारांची गोष्ट झाली. पण सामान्य मतदाराचे काय? आपल्या प्रांताला मान मिळाला म्हणून तो पक्षाला कौल देतो काय? येथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. १९७४ साली बसप्पा दानप्पा जत्ती हे उपराष्ट्रपती झाले. ते मूळचे जमखंडीचे. पटवर्धनांच्या त्या संस्थानात त्यांनी मंत्रिपद भूषविले होते आणि पुढे म्हैसूर राज्याचे ते मुख्यमंत्री झाले. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचा उत्तर भारतात धुव्वा उडाला. उत्तर प्रदेशातील ८५ पैकी एकही जागा, अगदी झाशीचीही, तिला मिळाली नाही. कर्नाटकात मात्र तिने २८ पैकी २६ जागा जिंकल्या. हा जत्तींच्या निवडीचा प्रभाव म्हणावा, तर शेजारच्या आंध्र प्रदेशात तिला ४२ पैकी ४१ जागा मिळाल्या, आणि तेथला तर उपराष्ट्रपती नव्हता. दक्षिणेचा कौल आणीबाणीच्या वेगळ्या अनुभवातून आणि तेथील पक्षबलाच्या वेगळ्या मांडणीतून आला होता. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध असतोच असे नाही. निवडणुकीच्या चर्चेत हे साधे तर्कशास्त्र फार लवकर विसरले जाते.

मग दुसऱ्या नावाचा काहीच परिणाम होत नाही काय? होतो, पण तो आडवळणाने. एक तर ते नाव पक्षाला किंवा आघाडीला एकत्र बांधते. मित्रपक्षाला मान दिल्याचे समाधान त्यातून मिळते. दुसरे असे, की ज्याने ही निवड केली त्याच्या विवेकाची ती परीक्षा असते. १९७२ साली अमेरिकेत जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी टॉमस ईगल्टन यांना जोडीदार म्हणून घेतले. ईगल्टन यांनी पूर्वी मानसिक विकारावर उपचार घेतल्याचे उघडकीस आले, आणि काही दिवसांतच त्यांना उमेदवारी सोडावी लागली. मतदारांनी ईगल्टन यांच्यापेक्षा मॅकगव्हर्न यांच्याविषयी अधिक शंका घेतली. पुरेशी चौकशी न करता नाव जाहीर कसे केले, आणि प्रथम पाठराखण करून मग माघार कशी घेतली, असे विचारले गेले. डेव्हाइन व कोपको यांच्या २०२० सालच्या दुसऱ्या ग्रंथाचाही रोख हाच आहे. दुसऱ्या माणसाकडे पाहून लोक पहिल्या माणसाची पारख करतात.

यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच आडाख्यांत येत नाही. दुसरे पद हे पहिल्या पदाचे राखीव पद आहे. अमेरिकेत आजवर नऊ उपाध्यक्ष मध्येच अध्यक्ष झाले, आठ वेळा मृत्यूमुळे आणि एकदा राजीनाम्यामुळे. हॅरी ट्रूमन उपाध्यक्ष होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट निधन पावले. आपल्याकडे ३ मे १९६९ रोजी झाकिर हुसेन यांचे निधन होताच व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे राष्ट्रपतिपदाची धुरा आली. ११ फेब्रुवारी १९७७ रोजी फक्रुद्दीन अली अहमद निवर्तले आणि जत्ती कार्यवाहक राष्ट्रपती झाले. आपल्या संविधानानुसार हा काळ सहा महिन्यांहून अधिक नसतो. परंतु जत्तींच्या वाट्याला आलेले पाच महिने सामान्य नव्हते. मार्चमध्ये आणीबाणीचा शेवट करणाऱ्या उद्घोषणेवर त्यांनी सही केली. ज्या मोरारजी देसाईंच्या मुंबई मंत्रिमंडळात ते एकेकाळी उपमंत्री होते, त्यांनाच त्यांनी पंतप्रधानपदाची शपथ दिली. एप्रिलच्या अखेरीस नव्या मंत्रिमंडळाने नऊ राज्यांच्या विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला, तेव्हा जत्तींनी लगेच सही केली नाही. देशभर खळबळ उडाली. अखेर ३० एप्रिल रोजी त्यांनी सही केली. त्या नऊ राज्यांत उत्तर प्रदेशही होता. म्हणजे प्रेमनगरच्या मतदाराने निवडलेली विधानसभा राहावी की जावी, हा प्रश्न काही काळ जमखंडीच्या त्या गृहस्थाच्या लेखणीपाशी येऊन थांबला होता, आणि १९७४ साली त्यांची निवड होताना त्या मतदाराला कोणी काही विचारले नव्हते.

झाशीचे पहिल्या लोकसभेतील सदस्य रघुनाथ विनायक धुळेकर हे तेथील मराठी कुटुंबातील होते आणि संविधान सभेचेही सदस्य होते. १९५२ साली डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन बिनविरोध निवडून आल्यामुळे मतदानाचा प्रसंगच आला नाही. राधाकृष्णन कोणत्या प्रांताची किती मते आणतील, असा हिशेब करण्याचे तेव्हा कारण नव्हते. ते त्या आसनाला शोभतील काय, एवढेच पाहावयाचे होते. पुढे निवडणुका चुरशीच्या झाल्या, पक्ष वाढले, आणि नावामागचे गणित अधिक गुंतागुंतीचे झाले. पक्षांनी तसे गणित करण्यात गैर काही नाही. विविध प्रांतांना व समाजांना मानाचे स्थान मिळणे हेही या देशाच्या ऐक्याला पोषकच आहे. पण त्या गणिताने मते येतात, हा भरवसा आकडे देत नाहीत.

यास्तव यापुढे असे नाव जाहीर होईल, तेव्हा सुबुद्ध नागरिकाने प्रथम एक प्रश्न विचारावा. उद्या सकाळी पहिले आसन रिकामे झाले, तर ही व्यक्ती ते सांभाळू शकेल काय? प्रेमनगरच्या मतदाराला हा प्रश्न मतपेटीत टाकता येत नाही. आपल्या खासदाराला मात्र तो विचारता येतो, आणि विचारण्याचा त्याला अधिकारही आहे.